गोळ्यांचा खर्च आणि हक्काची मदत

निवृत्तीनंतर घरखर्चाच्या वहीत औषधांचा एक रकाना वाढतो, आणि तो पुन्हा कधी रिकामा राहत नाही. किराण्यात काटकसर होते, कपडे पुढच्या दिवाळीवर ढकलता येतात, गावाला जाणं टाळता येतं. बीपीची गोळी, शुगरची गोळी, कोलेस्टेरॉलची, थायरॉइडची, रक्त पातळ करणारी, जोडीला ॲसिडिटीची आणि कॅल्शियमची, या पट्ट्या मात्र दर महिन्याला संपतात आणि दर महिन्याला आणाव्या लागतात. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये ज्येष्ठांची देशव्यापी पाहणी केली. तीत साठीपुढच्या दर तिघांमागे जवळपास एकाला रक्तदाबाचं, तर दर सातांमागे एकाला मधुमेहाचं निदान झालेलं होतं. हे दोन्ही आजार एकदा जडले की गोळ्या बहुधा जन्मभराच्या होतात.

आता मिळकतीकडे पाहू. कामगारांच्या ईपीएस-95 योजनेत किमान निवृत्तिवेतन 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धांना महिना 1,500 रुपये मिळतात. शेतीवर, भाजीच्या गाड्यावर, घरकामावर आयुष्य काढलेल्यांना कित्येकदा तेवढेही नसतात. अशा घरात मग गोळ्यांची ओढाताण सुरू होते. रोजची गोळी एक दिवसाआड होते. इन्सुलिनचे दोन युनिट कमी घेतले जातात. महिनाअखेरीला पट्टी संपली की पेन्शन येईपर्यंत चार-सहा दिवस तसेच काढले जातात. मुलांना त्रास नको म्हणून मुलांना सांगत नाहीत, आणि डॉक्टर रागावतील म्हणून डॉक्टरांनाही सांगत नाहीत. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, त्यामुळे गोळी चुकवूनही आपण ठीक आहोत असं वाटत राहतं. पुढे अर्धांगवायूचा झटका येतो तेव्हा वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो, आणि माणूस परावलंबी होतो तो वेगळाच.

हे टाळता येतं. ज्येष्ठांसाठी औषधांच्या खर्चात मदत आहे, पण ती एका खिडकीवर मिळत नाही. थोडी डॉक्टरांच्या चिठ्ठीत, थोडी दुकानात, थोडी सरकारी दवाखान्यात आणि थोडी योजनांच्या कागदांत अशी ती विखुरलेली आहे. ती शोधताना चार प्रश्न ओळीने विचारायचे. ही गोळी मला लागतेच का? तिचं मूळ नाव काय? ती सर्वांत स्वस्त किंवा मोफत कुठे मिळेल? आणि उरलेले पैसे दुसरं कोणी भरेल का? बहुतेक जण चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतात, म्हणजे आधी योजना शोधतात. आपल्याकडच्या मोठ्या योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहेत, रोजच्या गोळ्यांसाठी नाहीत. म्हणून ते निराश होऊन परततात. खरी बचत पहिल्या तीन प्रश्नांत आहे.

ही गोळी लागतेच का?

वय वाढतं तसे डॉक्टर वाढतात. हृदयाचे वेगळे, हाडांचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे, शिवाय कोपऱ्यावरचे नेहमीचे. प्रत्येक जण आपल्यापुरती चिठ्ठी लिहितो. एकाची गोळी दुसरा बंद करत नाही, कारण ती त्याने सुरू केलेली नसते. पाच-सात वर्षांत डबा भरतो आणि त्यातली कोणती गोळी कशासाठी हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

एक नेहमी दिसणारी साखळी पाहा. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन सुरू होतं. काहींना या औषधाने घोट्याजवळ सूज येते. ही सूज औषधामुळे आहे हे लक्षात आलं नाही, तर ती उतरावी म्हणून लघवीची गोळी लिहिली जाते. त्या गोळीने पोटॅशियम कमी झालं की पोटॅशियमचं औषध येतं. अशा वेळी पहिल्याच औषधाचा डोस कमी केला किंवा ते बदललं, तर पुढची दोन गळून पडतात. गुडघेदुखीच्या गोळ्यांनी पोटात जळजळ आणि त्यावर ॲसिडिटीची गोळी, ही अशीच दुसरी साखळी. रुग्णालयात असताना तात्पुरती लिहिलेली पँटोप्रॅझोलची गोळी घरी आल्यावर वर्षानुवर्षं चालू राहते. दोन डॉक्टरांनी दोन ब्रँडच्या नावांनी एकच औषध लिहिलं आणि रुग्ण दोन्ही घेत राहिला असंही घडतं. तिथे पैसे तर जातातच, जिवालाही धोका असतो.

अमेरिकेतले वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बीअर्स यांनी 1991 मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी प्रसिद्ध केली. ती आजही वेळोवेळी सुधारली जाते आणि जगभर वापरली जाते. त्या यादीमागचा विचार साधा आहे. सत्तरीतल्या शरीरात मूत्रपिंडं आणि यकृत पूर्वीच्या वेगाने काम करत नाहीत, त्यामुळे पन्नाशीत सोसलेलं औषध पुढे सोसेलच असं नाही. चिठ्ठीचा फेरविचार त्यामुळे तब्येतीसाठीही गरजेचा आहे.

तो कसा करायचा? वर्षातून दोनदा घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. गोळ्या, डोळ्यांचे थेंब, मलम, टॉनिक, आयुर्वेदिक काढे, शेजाऱ्याने सुचवलेली पावडर, सगळं. ती पिशवी ज्या डॉक्टरांवर तुमचा भरवसा आहे त्यांच्यासमोर ठेवा आणि स्पष्ट सांगा, "डॉक्टर, महिन्याला एवढा खर्च होतो, मला झेपत नाही. यातल्या कोणत्या गोळ्या घ्यायलाच हव्यात, कोणत्या बंद करता येतील आणि कोणत्या स्वस्तात मिळतील?" असं बोलताना संकोच वाटतो हे खरं आहे. पण औषध परवडत नाही ही माहिती डॉक्टरांना रक्तदाबाच्या आकड्याइतकीच गरजेची असते. रुग्ण गोळी एक दिवसाआड घेतो हे ठाऊक नसेल, तर बीपी उतरत नाही म्हणून ते आणखी एक गोळी वाढवतील.

मात्र स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका. स्टेंट बसवल्यानंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळ्या, फिट्सची औषधं आणि स्टेरॉइड एकाएकी थांबवलं तर गंभीर प्रसंग ओढवू शकतो.

पट्टीवरचं दुसरं नाव

पट्टी हातात घ्या आणि चष्मा लावून नीट वाचा. आपल्या ओळखीचं असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. त्याच्या जवळच 'टेल्मिसार्टन टॅबलेट्स आयपी 40 एमजी' अशी ओळ असते. टेल्मिसार्टन हे औषधाचं मूळ नाव. आयपी म्हणजे भारतीय औषधकोशातल्या निकषांप्रमाणे बनवलेलं. 40 एमजी ही त्याची मात्रा, जिला आपण पॉवर म्हणतो. ही ओळ वहीत उतरवून घ्या, कारण स्वस्त औषधाचा शोध तिथूनच सुरू होतो.

वाचताना तीन गोष्टी सांभाळा. ब्रँडच्या नावापुढची अक्षरं सोडू नका. बीपीच्या गोळीपुढे 'एच' असेल तर बहुधा तिच्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड मिसळलेलं असतं आणि 'एएम' असेल तर अॅम्लोडिपिन. म्हणजे नाव तेच दिसलं तरी औषध वेगळं. 'एसआर', 'एक्सआर', 'ईआर' ही अक्षरं सावकाश विरघळणाऱ्या गोळीची आहेत. तिच्याऐवजी साधी गोळी चालत नाही आणि अशी गोळी फोडून किंवा चुरून घेऊ नये. आणि किंमत नेहमी एका गोळीची काढा, कारण पट्टीत कधी 10, कधी 14, कधी 15 गोळ्या असतात. समजा, 15 गोळ्यांची पट्टी 150 रुपयांना आहे आणि 10 गोळ्यांची 110 रुपयांना. दुसरी स्वस्त दिसते, पण गोळीमागे 10 रुपये आणि 11 रुपये असा हिशेब केला की पहिलीच स्वस्त ठरते.

एकाच औषधाची इतकी नावं आणि इतक्या किमती आपल्याकडेच का? याचं मूळ 1970 च्या पेटंट कायद्यात आहे. त्या कायद्याने औषधावरचं पेटंट काढून ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायला भारतीय कंपन्या मोकळ्या झाल्या. त्याआधी 1954 मध्येच पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला होता आणि पेनिसिलिन देशात बनू लागलं होतं. औषधं स्वस्त झाली, कंपन्या वाढल्या आणि प्रत्येकीने आपापलं नाव लावलं. 1975 मध्ये हाथी समितीने ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने बंद करून मूळ नावाने औषधं विकावीत अशी शिफारस केली. ती अमलात आली असती तर आज दुकानात आपली एवढी तारांबळ उडाली नसती.

2005 पासून औषधांवर पुन्हा पेटंट मिळू लागलं. म्हणून नवं औषध काही वर्षं महाग राहतं आणि पेटंट संपलं की किंमत कोसळते. मधुमेहावरच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं. तोवर एक गोळी साठ रुपयांच्या घरात होती. त्यानंतर अनेक भारतीय कंपन्या बाजारात उतरल्या आणि काहींची गोळी दहा रुपयांच्याही आत आली. ज्यांनी चौकशी केली नाही ते जुन्याच नावाची महाग गोळी घेत राहिले. वर्षातून एकदा डॉक्टरांना विचारायला हवं की माझ्या औषधांपैकी एखादं आता स्वस्त झालंय का.

सरकारचं किमतीवर नियंत्रण आहे, पण ते पुरेसं नाही. 2022 च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत 384 औषधं आहेत. त्यांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरण ठरवतं. 2013 च्या आदेशानुसार, बाजारात किमान 1 टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या घाऊक दरांची सरासरी काढतात आणि तीत दुकानदाराचा 16 टक्के नफा मिळवतात. म्हणजे कमाल किंमत ठरते ती प्रचलित दरांच्या सरासरीवरून, बनवण्याच्या खर्चावरून नव्हे. त्यामुळे तेच औषध त्या मर्यादेच्या कितीतरी खाली मिळू शकतं. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी स्वतः ठरवते, फक्त वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवू शकत नाही. प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' ॲपवर या किमती पाहता येतात. नातवंडांना हे काम सांगा, ती पाच मिनिटांत करून देतील.

सप्टेंबर 2025 मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि 33 जीवरक्षक औषधांवरचा पूर्ण माफ झाला. जुन्या किमतीची वही असेल तर ती आता नव्याने लिहा.

एक अडचण मात्र दुकानात गेल्यावरच कळते. डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचं तेच औषध दुकानदाराने परस्पर देणं नियमात बसत नाही. म्हणून मूळ नाव चिठ्ठीवरच यायला हवं. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य अक्षरात लिहावं, असं त्यांच्या व्यावसायिक नियमांतच 2016 पासून आहे. "डॉक्टर, कंसात मूळ नाव लिहून द्याल का? मला जनऔषधीतून घ्यायचंय," एवढं म्हटलं तरी बरेच डॉक्टर लिहून देतात.

स्वस्त कुठे, मोफत कुठे?

प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रं 2008 मध्ये सुरू झाली, पहिलं अमृतसरला. 2025 च्या सुरुवातीला देशातली संख्या 15,000 वर गेली. महाराष्ट्रात आता तालुक्याच्या गावीही ती दिसतात. बीपी, शुगर, हृदय, थायरॉइड, ॲसिडिटी यांची नेहमीची औषधं तिथे नामांकित ब्रँडपेक्षा साधारणपणे 50 ते 80 टक्के कमी दरात मिळतात. 'जनऔषधी सुगम' ॲपवर किंवा 1800 180 8080 या मोफत क्रमांकावर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत कळते. काही औषधं कधीकधी संपलेली असतात. त्यासाठी पट्टी संपायच्या आठ-दहा दिवस आधी फोन करून चौकशी करण्याची सवय लावा.

स्वस्त औषध चांगलं असेल का, ही शंका प्रामाणिक आहे आणि तिला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. जनऔषधीसाठी माल घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन निकषांचं प्रमाणपत्र असलेले कारखानेच निवडले जातात आणि मालाच्या प्रत्येक खेपेची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी होते. नामांकित ब्रँडच्या पट्टीवरही 'उत्पादक' आणि 'विक्रेता' अशी दोन वेगळी नावं अनेकदा दिसतात, कारण मोठ्या कंपन्याही दुसऱ्यांच्या कारखान्यांतून गोळ्या बनवून घेतात. तरीही निकृष्ट माल बाजारात येतो, ब्रँडमध्येही आणि स्वस्त औषधांतही. त्यावर आपल्या हाती असलेला उपाय म्हणजे मोजणी. औषध बदलल्यावर दोन ते चार आठवड्यांनी रक्तदाब किंवा साखर तपासा. आकडे जागेवर असतील तर निर्धास्त राहा. शंका आली तर ती पट्टी बिलासह जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे न्या. थायरॉक्सिन, वॉर्फरिन, डिगॉक्सिन, लिथियम आणि फिट्सची औषधं यांच्या मात्रेत थोडा फरकही जाणवतो. ती डॉक्टरांना सांगूनच बदला आणि मग एकाच कंपनीची घेत राहा.

साध्या मेडिकलमध्येही "जेनेरिक द्या" म्हणता येतं, पण तिथे डोळे उघडे ठेवावे लागतात. काही जेनेरिक पट्ट्यांवर ब्रँडच्याच जवळपास जाणारी किंमत छापलेली असते आणि खरेदीचा दर त्याच्या मानाने फारच कमी असतो. मधला नफा दुकानदाराकडे राहतो. म्हणून नुसतं 'जेनेरिक' हे नाव ऐकून समाधान मानू नका. एका गोळीची किंमत विचारा, जनऔषधीच्या दराशी ताडून पाहा आणि बिल मागून घ्या. कर्करोग, हृदयरोग यांच्या महागड्या औषधांसाठी काही मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात 'अमृत' दुकानं आहेत. तिथे छापील किमतीवर चांगली सूट मिळते.

आता मोफत औषधांकडे वळू. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत केस पेपर, तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते जिल्हा रुग्णालय, अशा 2,418 संस्था या निर्णयाखाली आल्या. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं वेगळ्या व्यवस्थेत येतात, तिथले नियम तिथेच विचारावेत. मुंबईत महापालिकेचे 'आपला दवाखाना' संध्याकाळीही चालू असतात.

बीपी आणि शुगरच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात हे अनेक सुशिक्षित घरांनाही ठाऊक नसतं. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रणाचा एक राष्ट्रीय उपक्रम पहिल्या टप्प्यातच सुरू झाला. त्यात प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवायचं, ठरलेल्या दोन-तीन औषधांनीच उपचार करायचे आणि महिनाभराच्या गोळ्या एकदम द्यायच्या अशी पद्धत बसवली. आता गावोगावच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत तिशीपुढच्या सर्वांची बीपी-शुगर तपासणी होते. ज्यांना केंद्रापर्यंत जाणं जमत नाही त्यांनी गावातल्या आशाताईंशी बोलावं. कोणाच्या गोळ्या संपत आल्यात, हे त्यांना बहुधा घरच्यांच्याही आधी कळतं.

नोकरीमुळे मिळालेले हक्कही तपासा. कारखान्यात किंवा गिरणीत काम करून निवृत्त झालेल्यांसाठी एक तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. किमान पाच वर्षं राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयसीत, राहून नियत वयाने निवृत्त झालेली व्यक्ती वर्षाला फक्त 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयच्या दवाखान्यातले उपचार आणि औषधं घेऊ शकते. केंद्र सरकारच्या निवृत्तांना मुंबई, पुणे, नागपूर इथे सीजीएचएसची केंद्रं आहेत. त्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्यांना महिना 1,000 रुपये वैद्यकीय भत्त्याचा पर्याय आहे. माजी सैनिकांसाठी 2003 पासून ईसीएचएसची पॉलिक्लिनिक आहेत. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या कितीतरी घरांना ती उपयोगी पडतात. वडील गेल्यानंतर आईचा हक्क संपला असं अनेक घरांत गृहीत धरलं जातं. ते तसं नसतं, म्हणून कार्यालयात जाऊन विचारा.

उरलेले पैसे कोण भरेल?

29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावर कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर ही रक्कम दोघांत मिळून आहे. आधार कार्डावर वय सत्तर पूर्ण असायला हवं. सीजीएचएस किंवा ईसीएचएस असणाऱ्यांना दोन्हींतलं एक निवडावं लागतं. खासगी विमा किंवा ईएसआय असणाऱ्यांना मात्र हे कार्डही घेता येतं. माहितीसाठी क्रमांक 14555.

या कार्डावर महिन्याच्या गोळ्या मिळत नाहीत. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस, दाखल असतानाचा काळ आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढ्यांचीच औषधं त्यात धरली आहेत. रुग्णालयातून निघताना ही पंधरा दिवसांची औषधं मागून घ्यायची असतात, आणि घाईत नेमकी तीच राहून जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षणही आता पिवळं, केशरी, पांढरं असा भेद न करता 5 लाखांपर्यंत आहे. केमोथेरपी आणि डायलिसिस अशा महागड्या उपचारांतली औषधं या योजनांत बसतात. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. दाखल होण्याआधीच त्याच्याशी बोला.

महाराष्ट्रात आणखी एक भक्कम आधार आहे. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम 41 एए खाली, उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावी लागते. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक, अशी मर्यादा आहे. निर्धन रुग्णाच्या औषधांचा खर्च या निधीतून होतो. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधं रुग्णालयाच्या खरेदी किमतीने लावायची असतात, छापील किमतीने नाही. मोठमोठी, चकचकीत दिसणारी अनेक रुग्णालयं धर्मादाय नोंदणीची आहेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करा.

मध्यमवर्गीय घरांनी प्राप्तिकरातली सवलत विसरू नये. आरोग्यविमा नसलेल्या साठीपुढच्या व्यक्तीच्या औषधोपचारांवर वर्षाला 50,000 रुपयांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते. आईवडिलांचा खर्च मुलांनी केला असेल तर ती मुलांना घेता येते. अट एवढीच की पैसे रोख दिलेले नसावेत, म्हणून औषधांचं बिल यूपीआयने किंवा कार्डाने भरा आणि जपून ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधी आणि श्री सिद्धिविनायक न्यासासारख्या संस्था मोठ्या आजारात एकरकमी मदत करतात. महिन्याच्या गोळ्यांसाठी त्यांच्यावर विसंबून चालणार नाही.

एकट्याने नाही, मिळून

"औषध संपलंय, बाहेरून आणा," हे वाक्य सरकारी दवाखान्यात अनेकांनी ऐकलेलं असतं. तिथे गप्प राहून चिठ्ठी घेऊन बाहेर पडलात तर औषध संपल्याची नोंद कुठेच होत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करता येते, तशी ती करा असं सांगा. 104 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. वयाच्या पंचाहत्तरीत एकट्याने हे करणं अवघड आहे, पण ज्येष्ठ नागरिक संघ ते सहज करू शकतो. गावोगाव असे संघ आहेत आणि 'फेस्कॉम' हा त्यांचा राज्यव्यापी महासंघ आहे. संघाने जवळच्या जनऔषधी केंद्रांची यादी फलकावर लावावी, सभासदांच्या नेहमीच्या पंधरा-वीस औषधांची मूळ नावं लिहून काढावीत, आणि आरोग्य केंद्रात त्यातली कोणती उपलब्ध आहेत हे महिन्यातून एकदा दोघांनी जाऊन पाहावं.

बाह्यरुग्णांना औषधं मोफत देणं राज्याला परवडतं, हे इतरांनी दाखवून दिलं आहे. तमिळनाडूने 1990 च्या दशकात औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभारलं, औषधं मूळ नावाने घाऊक विकत घेतली आणि दवाखान्यांपर्यंत पोचवली. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून तोच मार्ग धरला. महाराष्ट्राने 2023 मध्ये निर्णय घेतला आहे. तो प्रत्येक उपकेंद्राच्या कपाटात दिसायचा असेल, तर त्या कपाटातली गोळी मागणारे लोक रांगेत उभे राहायला हवेत. ज्यांना बाहेरून विकत घेणं परवडतं त्यांनीही अधूनमधून त्या रांगेत उभं राहावं. आपण तिथे गेलो आणि औषध नसल्याची तक्रार केली, तर त्याच रांगेत आपल्या मागे उभ्या असलेल्या, बोलायला धजत नसलेल्या माणसालाही पुढच्या महिन्यात गोळी मिळेल.